घसरणे आणि घरंगळणे : वाचकांचे प्रश्न

दृढ, म्हणजे आकार न बदलणाऱ्या, वस्तूंच्या गतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडलेली दिसते, म्हणून ती जागा आधी दाखवतो.

वस्तूवरची सगळी बाह्य बले मिळून वस्तुमानकेंद्राचे त्वरण ठरवतात, हे पहिले समीकरण. त्याच बलांचे वस्तुमानकेंद्राभोवतीचे टॉर्क (वस्तू फिरवण्याचा जोर) मिळून कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग बदलण्याचा दर) ठरवतात, हे दुसरे. गोळा, चकती, कडे यांच्यासारख्या वस्तू एका पातळीत चालत असताना ही दोन्ही समीकरणे नेहमी खरी असतात. ‘वेग = त्रिज्या × कोनीय वेग’ हे तिसरे समीकरण मात्र नियम नाही, ती अट आहे. वस्तू घसरत नसेल तरच ती लागू होते. ती तपासून न पाहता वापरली, की पुढचे सगळे गणित बिघडते.

सोयीसाठी एक अक्षर ठरवून घेऊ. जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते याचे माप; त्याला (वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग) याने भागल्यावर जी संख्या येते, तिला ‘क’ म्हणू. भरीव गोळ्यासाठी क = २/५, चकती किंवा भरीव दंडगोलासाठी १/२, पातळ पोकळ गोळ्यासाठी २/३ आणि पातळ कड्यासाठी १.

प्रश्न : आकाशपाळण्यातली बैठक वर्तुळात फिरते, तरी तिच्या गतीला स्थानांतरण म्हणतात. असे का?

वस्तूचा मार्ग वर्तुळाकार असणे वेगळे आणि वस्तू स्वतः फिरणे वेगळे. बैठकीच्या बाजूवर मनाने एक आडवी रेघ काढा. पाळणा वर जावो की खाली, रेघ आडवीच राहते. म्हणजे कोनीय वेग शून्य. बैठकीचा प्रत्येक बिंदू सारख्याच त्रिज्येच्या वर्तुळात जातो, फक्त प्रत्येकाच्या वर्तुळाचे केंद्र वेगळे असते. त्यामुळे कोणत्याही क्षणी सगळ्या बिंदूंचा वेग एकच असतो. पाळण्याच्या आऱ्यांवर अशीच रेघ काढली तर ती दिशा बदलते, म्हणून आऱ्यांची गती घूर्णनाची. सायकलवरही हीच जोडी दिसते. पावलाखाली आडवे राहणारे पेडल स्थानांतरण करते, तर ते ज्या दांड्यावर बसवलेले असते तो दांडा घूर्णन करतो.

प्रश्न : घर्षण नेहमी गतीच्या उलट असते ना? मग दोऱ्याचे रीळ ओढले की कधी आपल्याकडे येते आणि कधी दूर पळते, ते कसे?

घर्षण ‘गतीच्या’ उलट असते, हे वाक्यच अपुरे आहे. टेकलेल्या बिंदूची जी घसरण होते, किंवा होऊ पाहते, तिच्या उलट ते असते. एखादा गोळा केंद्रातून आडवा ढकलला तर टेकलेला बिंदू पुढे घसरू पाहतो, म्हणून घर्षण मागे. तोच गोळा अगदी माथ्यावर आडवा ढकलला तर घर्षण पुढे येते. गोळ्यासाठी केंद्राच्या वर त्रिज्येच्या २/५ उंचीवर, म्हणजे जमिनीपासून व्यासाच्या ०.७ पट उंचीवर, आडवा जोर लावला तर घर्षणाची गरजच पडत नाही. कड्यासाठी ही उंची थेट माथ्यावर येते.

आता रीळ. कडेची त्रिज्या २ सेंमी आणि दोरा गुंडाळलेल्या भागाची १ सेंमी आहे असे धरा. दोरा खालच्या बाजूने सुटलेला असावा. दोऱ्याची रेषा मनाने मागे वाढवून जमिनीला टेकवा. ती टेकलेल्या बिंदूच्या मागे पडली तर रीळ तुमच्याकडे येते, पुढे पडली तर दूर जाते. नेमकी त्या बिंदूतून गेली तर टेकलेल्या बिंदूभोवती दोऱ्याचा टॉर्कच उरत नाही. रीळ जागेवर थांबते, आणि जोर वाढवलाच तर न फिरता फरफटत येते. हा सीमेवरचा कोन शोधणे सोपे आहे : त्याचा कोसाइन म्हणजे आतली त्रिज्या भागिले बाहेरची. इथे १/२, म्हणून ६० अंश. दोरा जमिनीशी ६० अंशांपेक्षा कमी कोनात ठेवून ओढा, रीळ येईल. जास्त कोनात ओढा, पळेल.

करून पाहताना दोन गोष्टी सांभाळा. गुळगुळीत टेबलावर रीळ घसरते आणि प्रयोग फसतो, म्हणून खाली जाड कापड किंवा रबराची चटई घ्या आणि हळू ओढा. दुसरे म्हणजे दोरा सुटत जाईल तशी आतली त्रिज्या कमी होते. ती ०.८ सेंमी झाली की सीमेचा कोन ६६ अंशांवर जातो. मग एकदा मोजलेला कोन पुन्हा जुळत नाही, आणि चूक मोजण्यात झाली असे उगाच वाटते.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या पन्हळीवरून २० मिमी व्यासाची पोलादी गोळी सोडली. १.२ मीटर अंतरावरच्या दोन खुणांच्या उंचीत १० सेंमी फरक होता. सरासरी वेळ २.१८ सेकंद आली. यावरून गुरुत्वत्वरण ६.०६ निघाले. गोळी फिरते हे लक्षात घेऊन ७/५ ने गुणले, तरी ८.४८ च आले. हवेचा विरोध एवढा असतो का?

हवेचा यात जवळजवळ काहीच हात नाही. तुमचे मोजमाप चांगले आहे, सूत्र दुसऱ्या प्रयोगाचे आहे.

न घसरता उतारावरून येणाऱ्या वस्तूचे त्वरण = गुरुत्वत्वरण × साइन (उताराचा कोन) ÷ (१ + क). सपाट फळीवर गोळ्यासाठी भाजक १.४ येतो, म्हणून तुम्ही ७/५ वापरले. पण तुमची गोळी पन्हळीच्या तळाला टेकत नाही. ती दोन काठांवर बसून येते. मग घरंगळण्याची त्रिज्या गोळीची पूर्ण त्रिज्या राहत नाही. काठांना जोडणाऱ्या रेषेपासून गोळीच्या केंद्राची जी उंची, तीच खरी त्रिज्या. तेवढाच वेग गाठायला गोळीला जास्त वेगाने स्वतःभोवती फिरावे लागते, फिरण्यात जास्त ऊर्जा जाते आणि उतरण मंदावते.

तुम्ही पन्हळीची रुंदी कळवलेली नाही. ती १२ मिमी धरून हिशेब करतो. त्रिज्या १० मिमी, रुंदीचा अर्धा भाग ६ मिमी. १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचे वर्गमूळ ८. घरंगळण्याची त्रिज्या ८ मिमी. आता २/५ ला १००/६४ ने गुणले की ०.६२५ येते, म्हणजे भाजक १.६२५. तुमच्या ६.०६ ला १.६२५ ने गुणा : ९.८५. रुंदी खरोखर १२ मिमी असेल तर चूक एका टक्क्याच्या आत आली. जाता जाता हेही पाहा, की अशी खाचेतली गोळी सपाट फळीवरच्या चकतीपेक्षाही मागे पडते.

रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजा आणि काठांच्या नेमक्या टेकण्याच्या जागी मोजा. १२ ऐवजी १३ मिमी असेल तर भाजक १.६९ होतो, म्हणजे उत्तर ४ टक्क्यांनी हलते. काठ गोलसर असतील तर ही चूक सहज घडते. वेळेचे तर आणखी कडक आहे. सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे २.१८ सेकंदांत ०.१ सेकंद चुकले तर उत्तर ९ टक्क्यांनी चुकते. उतार कमी ठेवला की वेळ वाढते आणि हाताच्या स्टॉपवॉचची चूक तुलनेने लहान होते. पण उतार कमी करताना उंचीचा फरक जास्त काटेकोर मोजावा लागतो, कारण १० सेंमीत १ मिमी म्हणजे एक टक्का. तुमचा १० सेंमीचा फरक दोन्ही बाजूंनी योग्य आहे, तोच ठेवा. गोळी बोटाने सोडू नका. बोट काढताना धक्का बसतो. पट्टी आडवी धरून ती उताराच्या दिशेने, म्हणजे गोळीच्या पुढून झटकन काढून घ्या.

गॅलिलिओनेही उतारावरच्या खाचेतून गोळा सोडूनच प्रयोग केले होते. ते १६३८ साली छापले गेले. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्याला त्यातून दाखवता आले, कारण भाजक काहीही असला तरी ते प्रमाण बदलत नाही. गुरुत्वत्वरणाचा आकडा काढायचा झाला, की मग भाजकावाचून सुटका नाही.

प्रश्न : न घसरता येणाऱ्या गोळ्यावर घर्षण कार्य करत नाही, असे शिकवतात. पण घर्षण गोळ्याचा वेग कमी करते, असेही शिकवतात. यातले खरे काय?

दोन्ही खरी. १ किलो वजनाचा भरीव गोळा ०.७ मीटर खाली आला असे धरू. गुरुत्वाकडून मिळाले ६.८६ जूल. यातले ४.९ जूल पुढे जाण्याच्या गतिज ऊर्जेत दिसतात आणि १.९६ जूल फिरण्याच्या. घर्षणाने पहिल्या खात्यातून १.९६ काढले आणि दुसऱ्या खात्यात १.९६ भरले. बेरीज शून्य. टेकलेल्या बिंदूचा वेग त्या क्षणी शून्य असतो, म्हणून उष्णतेत काही जात नाही. घर्षण इथे ऊर्जा खात नाही, ती वाटून देते. वस्तुमानकेंद्राचे समीकरण लिहिताना मात्र ‘घर्षण × अंतर’ ही वजाबाकी करायलाच हवी, कारण त्या समीकरणाला फक्त पहिले खाते दिसते.

प्रश्न : २० अंशांच्या उतारावर, म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.२ असताना, घर्षण = म्यू × अभिलंब बल (पृष्ठभाग काटकोनात देतो तो रेटा) धरले तर उत्तर चुकते. का?

म्यू × अभिलंब बल ही स्थितिक (न घसरतानाच्या) घर्षणाची कमाल मर्यादा आहे, प्रत्येक वेळची किंमत नाही. २० अंशांवर भरीव गोळ्याला न घसरण्यासाठी वजनाच्या ०.०९८ पट घर्षण पुरते. मर्यादा ०.१८८ पट आहे. तुम्ही जवळजवळ दुप्पट घर्षण लावलेत.

मर्यादा कधी येते? उताराचा टॅन जेव्हा म्यू × (१ + १/क) एवढा होतो तेव्हा. म्यू ०.२ असेल तर कडे सुमारे २२ अंशांपर्यंत, चकती ३१ अंशांपर्यंत आणि भरीव गोळा ३५ अंशांपर्यंत न घसरता येतो. त्यापुढे तिसरे समीकरण सोडून द्यायचे आणि मग म्यू × अभिलंब बल हेच घर्षण धरायचे. ४५ अंशांवर तिन्ही घसरत येतात. गतिक (घसरतानाच्या) घर्षणाचा गुणांकही ०.२ धरला तर तिघांचे त्वरण सारखेच, ५.५४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ‘गोळा पहिला, कडे शेवटचे’ हा निकाल फक्त सौम्य उतारासाठी आहे, हे प्रश्न सोडवताना फार जण विसरतात.

प्रश्न : गोळा न फिरवता ७ मीटर प्रति सेकंद वेगाने सपाट जमिनीवर सोडला. तो घरंगळू लागेल तेव्हाचा वेग ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून काढला तर ५.९२ येतो, उत्तरात ५ दिले आहे.

५ बरोबर. सुरुवातीला गोळा घसरतो आहे, टेकलेला बिंदू जमिनीवर घासतो आहे, आणि या घासण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. नेमकी २/७. त्यामुळे ऊर्जेची अक्षय्यता इथे लावताच येत नाही.

टिकून राहतो तो कोनीय संवेग (एखाद्या बिंदूभोवतीचा फिरण्याचा संवेग), आणि तोही जमिनीवरच्या एखाद्या स्थिर बिंदूभोवतीचा. घर्षणाची रेषा त्या बिंदूतून जाते, म्हणून तिचा टॉर्क शून्य. वजन आणि अभिलंब बल एकमेकांना खोडतात. सुरुवातीचा कोनीय संवेग वस्तुमान × ७ × त्रिज्या, शेवटचा वस्तुमान × वेग × त्रिज्या × ७/५. दोन्ही सारखे धरले की वेग ५. जमीन खडबडीत असो की गुळगुळीत, हा वेग बदलत नाही. बदलते ते तिथवर पोचण्याचे अंतर. गतिक घर्षणाचा गुणांक ०.२ असेल तर १.०२ सेकंद आणि ६.१२ मीटर लागतात. गुणांक निम्मा झाला तर दोन्ही दुप्पट होतात.

हे पडताळायचे असेल तर गोळ्यावर ठळक ठिपका काढून मोबाइलवर संथगती चित्रण करा. ५७ मिमी व्यासाचा गोळा घरंगळत असेल तर ठिपक्याच्या एका फेरीत तो १७९ मिमी पुढे जायला हवा. त्यापेक्षा जास्त जात असेल तर अजून घसरतो आहे.

प्रश्न : सपाट जमिनीवर न घसरता चाललेल्या गोळ्याला घर्षणाची गरज नसते. मग तो थांबतो कशाने?

या प्रश्नाने पाठ्यपुस्तकातल्या ‘दृढ’ या शब्दावरच बोट ठेवले आहे.

समजा, गोळ्याला थांबवणारे एकच बल आहे, टेकलेल्या बिंदूपाशी मागे ओढणारे घर्षण. त्याने वेग कमी होईल, हे ठीक. पण त्याचा केंद्राभोवतीचा टॉर्क गोळ्याला आणखी जोरात पुढे फिरवील. वेग कमी होतो आणि फिरणे वाढते, असा गोळा न घसरता जाऊच शकत नाही. म्हणजे एकट्या घर्षणाने काम भागत नाही.

खरा गोळा आणि खरी जमीन थोडी दबतात. टेकणे एका बिंदूत नसून छोट्या पट्ट्यात असते. पुढचा भाग दबताना जास्त जोराने वर रेटतो, मागचा भाग मोकळा होताना तेवढ्या जोराने परत रेटत नाही, कारण दबण्यात गेलेल्या ऊर्जेतला काही भाग उष्णता होतो. परिणामी अभिलंब बल केंद्राच्या बरोबर खाली न लागता किंचित पुढे लागते आणि फिरण्याला आळा घालते. ३ सेंमी त्रिज्येचा भरीव गोळा ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने थांबत असेल, तर हे सरकणे किती? १.४ × ३० मिमी × ०.१ ÷ ९.८, म्हणजे ०.४३ मिमी. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि तेवढ्याने गोळा थांबतो. गालिच्यावर तो लवकर थांबतो आणि काचेवर लांब जातो, याचे कारण खरखरीतपणात नाही; पृष्ठभाग किती दबतो आणि दबल्यावर किती परत उसळतो, यात ते आहे.

प्रश्न : सळईच्या टोकाभोवतीचे जडत्व आघूर्ण १/३ × वस्तुमान × लांबीचा वर्ग. टोकापासून पाव लांबीवरच्या आसासाठी समांतर अक्षांचे प्रमेय लावून १/३ + १/१६ = १९/४८ काढले. उत्तर ७/४८ आहे.

समांतर अक्षांच्या प्रमेयात एका अक्षाभोवतीच्या आघूर्णात वस्तुमान × अंतराचा वर्ग मिळवून दुसऱ्याभोवतीचे काढतात, पण त्यातला पहिला अक्ष वस्तुमानकेंद्रातून जाणारा हवाच. टोकावरून थेट पाव लांबीवर उडी मारता येत नाही. आधी केंद्रावर या : १/१२. तिथून पाव लांबी दूर जा : १/१२ + १/१६ = ७/४८. उत्तर तपासायची सोपी खूण अशी, की केंद्राकडे सरकताना जडत्व आघूर्ण घटलेच पाहिजे. तुमचे १९/४८ हे टोकाच्या १६/४८ पेक्षा मोठे आले, तिथेच थांबायला हवे होते.

प्रश्न : टेबलाच्या कडेवर एक टोक टेकवून मीटरपट्टी आडवी धरली, तिच्यावर ओळीने नाणी ठेवली आणि हातातले टोक सोडले, तर काही नाणी मागे हवेत राहतात. पट्टी गुरुत्वापेक्षा जोरात पडते का?

पट्टीचे वस्तुमानकेंद्र तसे पडत नाही, टोक मात्र पडते. सोडल्याच्या क्षणी टेकलेल्या टोकाभोवती वजनाचा टॉर्क वस्तुमान × गुरुत्वत्वरण × लांबीचा अर्धा भाग. त्याला टोकाभोवतीच्या जडत्व आघूर्णाने भागले की कोनीय त्वरण १.५ × गुरुत्वत्वरण ÷ लांबी. म्हणून मधल्या बिंदूचे त्वरण गुरुत्वाच्या ०.७५ पट आणि मोकळ्या टोकाचे १.५ पट. टेकलेल्या टोकापासून ६६.७ सेंमीवर ते बरोबर एक पट होते. त्याच्या अलीकडची नाणी पट्टीवर दाबलेली राहतात, पलीकडच्यांच्या खालून पट्टी निघून जाते. शेवटच्या नाण्याखाली ०.१ सेकंदात सुमारे अडीच सेंमी फट पडते. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात या वेळात २४ चौकटी मिळतात, म्हणजे फट वाढताना मोजता येते. ७० सेंमीवरच्या नाण्याखालची फट मात्र तेवढ्याच वेळात अडीच मिलिमीटर असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही.

नाणी हलकी घ्या आणि टेकलेल्या टोकाच्या बाजूला गठ्ठा करू नका, नाहीतर अलीकडच्या नाण्यांच्या वजनाने पट्टीचे कोनीय त्वरणच बदलते. हात वर उचलून सोडू नका. टोकाखालचे बोट खाली झटकून काढा, आणि ते पट्टीपेक्षा आधी खाली गेले पाहिजे. टेकलेले टोक टेबलावरून उसळेल अशी भीती नको : सोडण्याआधी टेबल तिथे पट्टीचे अर्धे वजन पेलत असते, सोडल्याबरोबर ते पाव होते, पण शून्य होत नाही.